आत्या बसली की स्टेअरिंग हलत नाही

सिन्नरहून निघताना विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला एकच गोष्ट बजावली. गाडी नीट चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. "नात्यातली गाडी आणि नात्यातलं स्थळ, दोन्हींची कोणी चौकशी करत नाही आणि मग जन्मभर निस्तरत बसतात," असं तो म्हणाला. आमचं लग्न नात्यातलंच आहे हे त्याच्या लक्षात आलं, तोवर माझी एसटी सुटली होती.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी बदली अशा गावी झाली आहे की जिथली एसटी सकाळी वेळेवर जाते आणि संध्याकाळी मनात आलं तर येते. मला गाडी हवी होती. माझा आतेभाऊ महादेव परभणी जिल्ह्यात जिंतूरला खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याने नवी गाडी घ्यायचं ठरवलं होतं आणि दारात जागा एकाच गाडीची होती. त्याची जुनी पांढरी डिझेल गाडी परक्याला देण्यापेक्षा ताईला द्यावी, असं त्याच्या मनात आलं. दिवाळीची सुट्टी उरली होती. मी कपड्यांची पिशवी घेतली आणि निघाले.

जालना मागे पडलं की जमिनीचा रंग बदलत जातो. काळी, फुटलेली, ढेकळांची माती. सोयाबीन काढून झालेली शेतं मोकळी पडली होती आणि कापसाच्या शेतात बोंडं फुटून पांढरं दिसत होतं. नुकताच परतीचा पाऊस मोप (भरपूर) झाला होता, असं शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मला अर्धं धपाटंही दिलं, आणि कुणाकडे, कशाला, किती दिवस, हे सगळं विचारून घेतलं. मी गाडी घ्यायला चाललेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आन् जाताय एसटीनं. म्हंजे अजून घेतली न्हाई." हिशेब बरोबर होता.

जिंतूरच्या बसस्थानकावर महादेव ती गाडी घेऊनच उभा होता. धुऊन पुसून, काचेत शंकराचा नवा फोटो लावून. आत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की वेगाचा काटा शून्यावर पडून आहे.

"हा चालत नाही?"

"काटा न्हाई चालत, गाडी चालती," महादेव म्हणाला. "काटा बघून कोण चालवतंय ताई, रस्ता बघून चालवायचं असतंय."

घरी गिरजाआत्या दारातच होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे. सकाळी आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही, आणि पूजा झाल्यावर कुणाला उपाशी राहू देत नाही. तिने माझ्यापुढे सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) ठेवला, वर शेंगदाण्याचा कूट टाकला आणि म्हणाली, "आर्चू, लय वाळलीस." मी गेल्या वर्षभरात दोन ब्लाउज उसवून घेतले होते, पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि महादेव बोरीच्या रस्त्याला निघालो. गाव संपलं, रस्ता मोकळा मिळाला, मी वेग वाढवला. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थरथरायला लागलं, माझ्या बांगड्या वाजायला लागल्या आणि काचेतला शंकर मान हलवायला लागला.

"महादेव, स्टेअरिंग हलतंय."

"रस्ता खराब हाय."

रस्ता इतका चांगला होता की त्यावर पापड वाळत घालावेत. मी तसं म्हटलं. मग तो म्हणाला की वारं सुटलंय. मी वेग कमी केला आणि थरथर गेली. वाढवला, परत आली.

"तुला कधी जाणवलं नाही?"

"आवंदा (यंदा) थोडं जाणवायलंय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण मी घट्ट धरतो."

आम्ही तिथूनच करीमभाईंच्या गॅरेजवर गेलो. करीमभाई हे जाडजूड, दाढी मेंदीने रंगवलेले गृहस्थ. त्यांना कोणत्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत येतं. त्यांनी गाडीचं उजवं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि डोळे मिटले.

"म्याडम, फिकर करू नका. जोड गेलाय. स्टेअरिंगची दांडी चाकाला जिथं धरती ना, तिथला. ढिला पडला की हात थरथरणारच."

त्यांनी जोड बदलला. जुना खरंच ढिला होता. तो माझ्या हातात देऊन त्यांनी मला तो स्वतः हलवून बघायला लावला. आम्ही परत बोरीच्या रस्त्याला गेलो आणि शंकराने परत मान हलवली.

दुसऱ्या वेळी करीमभाई म्हणाले की चाकं एकमेकांवर रुसलीत, एक इकडं बघतंय, एक तिकडं. त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे चाकं सरळ करायचं यंत्र होतं. तिथे अर्धा दिवस गेला. चाकांची समजूत पटली, गाडी नाकासमोर चालायला लागली, आणि वेग वाढवल्यावर नाकासमोर थरथरायला लागली.

त्या संध्याकाळी मी विलासला फोन केला. तो म्हणाला, "उद्याच्या एसटीत बस." त्याचं बरोबर होतं. मला त्या गाडीने रोज घाटातून जायचं होतं. पण महादेवला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्याने गाडी पुसून ठेवली होती. आणि मी नको म्हणाले असते, तर आमच्या सगळ्या गोतावळ्यात "अर्चनानं भावाची गाडी नाकारली" हे पुढच्या तीन लग्नांना पुरलं असतं.

आत्याने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जायचं तर जा. पण उद्या मला येलदरीला ने आन् मंग जा. धरणाचं पाणी बघायचंय."

"तू पाहिलं नाहीस अजून?"

"कोन नेतंय? तुझा मामा म्हणायचा, दुकान बंद करू आन् जाऊ. दुकान काय बंद झालं न्हाई. आता महादेव म्हणतो."

आत्याचे यजमान, माझे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली. येलदरी जिंतूरहून एवढं जवळ की सकाळी निघून जेवायला घरी यावं. मी म्हटलं, हळूहळू जाऊ, थरथरली तर थांबू.

आत्याची पूजा झाली, डबा भरून झाला, तिने पुढच्या सीटवर बैठक मारली आणि आम्ही निघालो. आत्या गाडीत गप्प बसत नाही. हे शेत कुणाचं, त्याची सून कुठली, ती नांदली का, नांदली नाही तर का नाही, हे ती सांगत होती आणि सुनेची गोष्ट संपायच्या आत शेत मागे पडलं की मला म्हणत होती, "सावकास ग, जरा दिसू दे." आमच्यापुढे एक एसटी गेली. मग सोयाबीनची पोती लादलेला एक ट्रॅक्टर गेला आणि त्यावरच्या माणसाने आम्हाला हात केला. स्टेअरिंग मात्र शांत होतं. मी एक बोट ठेवून चालवून पाहिलं. काही नाही.

येलदरीला पाणी काठोकाठ होतं. पूर्णा नदी एवढी रुंद असू शकते हे मला माहीत नव्हतं. खाली वीजघर दिसत होतं, वर पाण्यावर होड्या होत्या आणि रस्त्याकडेला तळलेल्या माशांचा वास सुटला होता. आत्याने नाकाला पदर लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सिन्नरला खायला शिकलीस म्हणं."

"कोण म्हणतं?"

"तू खा. मी तिकडं बघते."

ती खरोखरच पाण्याकडे तोंड करून बसली आणि मी खाल्ले. फार चांगले होते. ती बराच वेळ तशीच बसली. मी हात धुऊन गेले तेव्हा म्हणाली, "येवढं पाणी. आन् घरी पाणी येईना म्हणून मी त्या नळाला बोलत बसते."

परत येतानाही थरथर नाही. महादेव दारातच उभा होता.

"हलली?"

"अजिबात नाही."

त्याने किल्ली घेतली आणि एकटाच बोरी रस्त्याला जाऊन आला. चेहऱ्यावरूनच कळलं. मग त्याने आईला बसवलं आणि परत गेला. परत आला तो चप्पल न काढताच आत आला.

"ताई, आई बसली की हलत न्हाई."

आता हे कुठल्याही शहाण्या माणसाने कानाआड करावं असं विधान होतं. पण मी तरी काय पाहिलं होतं? आत्याशिवाय जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हललं होतं, आणि आत्याबरोबर एकदाही नाही. शाळेत मी मुलांना सांगते, निरीक्षण करा आणि निष्कर्ष काढा. निष्कर्ष आत्याच्या रूपाने समोर विड्याचं पान लावत बसला होता.

करीमभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवले. "वजन," ते म्हणाले. "डावी बाजू हलकी पडायलीय. महादेव हलका पडतो, अम्मा बसल्या की तोल सावरतो. अम्मांच्या वजनाचं पोतं ठेवा आन् चालवा, मालूम पडतंय."

पोती महादेवच्या दुकानात भरपूर होती. प्रश्न अम्मांच्या वजनाचा होता. दुकानात मोठा काटा आहे, पण आत्याने त्यावर उभं राहायला साफ नकार दिला. मग महादेवने अंदाजाने सोयाबीनचं पोतं भरलं. आत्याने ते बघितलं आणि विचारलं, "येवढी हाय का मी?" महादेवने निमूटपणे दोन मापं काढून ठेवली. आत्या तरीही बघत उभी होती, म्हणून आणखी एक काढलं.

पोतं पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. जिंतूरच्या बाजारातून मी आणि ते पोतं शेजारी शेजारी बसून गेलो, मागे महादेव आणि करीमभाई. गाव संपल्यावर मी वेग वाढवला आणि स्टेअरिंग असं हललं की पोत्याने माझ्या खांद्यावर मान टाकली.

गॅरेजशी उतरताना करीमभाई म्हणाले, "वजनाचा सवालच न्हाई म्याडम. माणसाचा हाय." आणि ही गोष्ट त्यांनी संध्याकाळपर्यंत बाजारभर केली.

आत्यात त्या दिवसापासून फरक पडला. ती महादेवला म्हणाली, "आर्चूला गाडी न्यायची तर लांब चालवून बघाय पाहिजे. मी येते. पूर्णेला जाऊ." पूर्णा गावात तिची लहानपणची मैत्रीण प्रयागबाई राहते. प्रयागबाईंचा नवरा रेल्वेत होता. दोघींची भेट कित्येक वर्षांत झाली नव्हती, कारण जिंतूरहून पूर्णेला जायचं म्हणजे बस बदलणं आलं आणि आत्याचे गुडघे बसच्या पायरीचे वैरी आहेत. आता तिच्याकडे गाडी होती आणि त्या गाडीला तिची गरज होती. तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली.

परभणी ओलांडून पूर्णेला पोचायला आम्हाला फारच वेळ लागला. वाटेत चहा झाला, एका शेतातून माळवं (भाजीपाला) घेऊन झालं, रेल्वे फाटकात दोन गाड्या बघून झाल्या. स्टेअरिंग देवासारखं शांत. पूर्णेला प्रयागबाईंनी दार उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि आधी म्हणाल्या, "म्हातारी झालीस की ग." आत्या म्हणाली, "तू न्हाई का?" आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या हसत राहिल्या. घरामागून मालगाडी गेली की प्रयागबाई बोलता बोलता थांबायच्या आणि गाडी गेली की तोच शब्द पकडून पुढे सुरू करायच्या. इतक्या वर्षांची सवय. आत्याने त्यांना सांगितलं, "मी बसल्याबगर ती गाडी चालत न्हाई. महादेवनं पोतं बसवून बघितलं. मेकॅनिक हरला." प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. जेवणात पुरण होतं, वर तूप होतं, आणि आग्रह होता.

परतताना परभणी मागे पडल्यावर आत्याचं बोलणं तुटक होत गेलं. झरीच्या अलीकडे ती एका शेताच्या मालकाच्या साडूपर्यंत आली आणि थांबली. मी बघितलं तर झोपली होती. मान खिडकीला, तोंड किंचित उघडं.

मी गप्पच चालवत होते. ऊन उतरलं होतं, रस्ता रिकामा होता. समोरची एसटी मी मागे टाकली. मग एक जीप टाकली. आणि बोटांना मुंग्या आल्या.

बांगड्या वाजायला लागल्या. आत्या दचकून जागी झाली.

"कोन हलवायलंय मला?"

मी गाडी बाजूला घेऊन लिंबाखाली उभी केली. आम्ही दोघी समोर बघत बसलो. मागे टाकलेली एसटी आली आणि पुढे निघून गेली. ती जाताना बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्या असताना प्रत्येक वेळी एसटी आमच्यापुढे गेली होती. ट्रॅक्टरसुद्धा गेला होता. काटा बंद, त्यामुळे वेगाचा पत्ता कुणालाच नव्हता. आत्या बोलते, आत्या सावकाश म्हणते, आपण सावकाश जातो. महादेवही आईला घेऊन सावकाशच गेला असणार. आणि थरथर ठराविक वेगाच्या पुढेच येत होती, माझ्या अंदाजाने साठच्या पुढे.

मी हे तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"परत पळव बरं," ती म्हणाली.

मी पळवली. हललं. कमी केली. थांबलं.

"अजून एकदा."

परत तेच झालं. आत्याने पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली, "मंग माझं काई न्हाई त्यात."

त्यानंतर जिंतूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. एवढी शेतं गेली, एवढ्या सुना गेल्या. माझ्या आयुष्यात एखादा शोध लागल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

करीमभाईंनी वेगाची गोष्ट ऐकली आणि लगेच म्हणाले, "वेगानं हलतंय तर चाकाचा तोल हाय, हे मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो." ते म्हणाले नव्हते, पण मी वाद घातला नाही. या वेळी त्यांनी डावं चाक खोललं, जे आतापर्यंत कुणी खोललंच नव्हतं. बाहेरून चकचकीत, महादेवने पुसलेलं. उलटं केलं तर रिंगच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी काळी माती थापलेली होती, वाळून विटेसारखी टणक झालेली. करीमभाईंनी टॉमी (चाक खोलायची पहार) मारली. ढेकूळ निघालं आणि त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर पडलं.

महादेवने ढेकूळ उचललं आणि लगेच ओळखलं. "हे आपल्या वावरातलं हाय."

परतीच्या पावसाच्या तोंडावर ट्रॅक्टर मिळाला नाही, म्हणून त्याने ही गाडी शेतात घालून सोयाबीन बाहेर काढलं होतं. ओली काळी माती चाकात गेली, तिथेच वाळली आणि चाक एका बाजूला जड झालं. सावकाश फिरताना त्याचं काही वाटत नाही, जोरात फिरलं की ते गचके देतं आणि ते हातात येतात. करीमभाईंनी बाकीची चाकंही धुतली, तोल करून शिशाचे छोटे तुकडे ठोकले आणि आम्ही बोरीच्या रस्त्याला गेलो. मी जमेल तेवढी पळवली. शंकर समाधीत होता.

घरी महादेवने सगळं सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बरं झालं," आणि ताट घेऊन आत गेली. महादेवला ते समजलं. तो मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, चिखल होता ते खरं. पण आई बसल्यावर हलत नव्हती, तेबी खरंच की न्हाई?"

"अगदी खरं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते. तिच्यामुळेच हलत नव्हती.

आतून तांदूळ निवडायचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. आत्याने पूजेतली विभूती आणून गाडीच्या टपावर बोट ओढलं, मग माझ्या कपाळावर ओढलं. डब्यात धपाटे दिले, दही वेगळं बांधलं. करीमभाई अंगठ्याला पट्टी बांधून निरोप द्यायला आले होते आणि जमलेल्या चार माणसांना सांगत होते की ही गाडी अम्मांनी बरी केली, आपण फक्त पाना धरला. मी मंठ्याच्या दिशेने लागले. रस्ता मोकळा होता, स्टेअरिंग गप्प होतं, शेजारची सीट रिकामी होती, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांचे मालक कोण ते मला सांगायला कुणी नव्हतं. मी सवयीने सावकाशच चालवत राहिले. जालन्यापर्यंत माझ्यापुढे सगळ्या एसट्या गेल्या.

सिन्नरला विलासने गाडी गल्लीत फिरवून आणली. काही दोष सापडेना, तेव्हा तो थोडा हिरमुसला.

"मग एवढे दिवस काय चाललं होतं?"

"चाकात चिखल होता."

"एवढंच?"

एवढंच होतं. पहिल्याच दिवशी कुणी ते डावं चाक उलटं केलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आले असते. येलदरीचं पाणी राहिलं असतं, प्रयागबाईंच्या घरामागची मालगाडी राहिली असती. परभणी जिल्हा म्हणजे माझ्या लेखी बसस्थानक आणि आत्याचं स्वयंपाकघर, एवढाच उरला असता. प्रवासाला निघताना आपण गाडी तपासून निघतो ते योग्यच आहे, पण सगळेच दोष निघायच्या आधी सापडले तर फारसं काही बघून होत नाही, असं मला आता वाटतं. विलासला मात्र मी हे सांगितलं नाही. त्याने गाडी पुन्हा एकदा फिरवून आणली असती.

पंधरवड्याने मी जिंतूरला फोन केला. महादेवने उचलला. मी म्हटलं, आत्याला दे.

"आई घरी न्हाई," तो म्हणाला. "ते तेलवाले हाईत ना कोपऱ्यावरचे, त्यांच्या टेम्पोत कायतरी वाजायलंय. करीमभाईनं सांगितलं, अम्माला बसवून बघा. तर तिला घेऊन गेलेत औंढ्याला. देवबी होईल म्हणली."

"आणि परत कधी येणार?"

"त्ये काय सांगावं," महादेव म्हणाला. "टेम्पो कसा चालतोय त्याच्यावर हाय."